खोल टोकाला कोणी नाही

१

माझा नवरा गिल वारला त्याच्या पुढच्या वसंतात ऑर्व्हिल स्टब्ज माझ्या दारात येऊन उभा राहिला. हातात त्याच्या अंगणातली चार ग्रेपफ्रूटं, म्हणजे काहीतरी मागायला आला होता हे उघड होतं.

"नदीन," तो म्हणाला, "तू तशीही दिवसभर खिडकीत बसून लोकांच्या कचऱ्याच्या डब्यांवर नजर ठेवतेस. आता कमिटीवर ये आणि हक्कानं ठेव."

अशी मी पालो सेको या आमच्या वस्तीच्या घरमालक संघाची अध्यक्ष झाले. ऑर्व्हिल खजिनदार, पलीकडच्या गल्लीतली डेल्फिना ब्राकामोंते चिटणीस. आमची तिघांचीच कमिटी. महिन्यातून एकदा दुपारी आम्ही क्लबहाऊसमध्ये जमायचो. डेल्फिना घरून दालचिनी घातलेली बिस्किटं आणायची, कूलर घरघरत असायचा, आणि आम्ही अगदी न्यायाधीशाच्या थाटात निवाडे द्यायचो. कोणाच्या अंगणातली खडी नियमापेक्षा लाल आहे, कोणाचं कुत्रं रात्री भुंकतं, कोणी गॅरेजला जांभळा रंग फासलाय. ऑर्व्हिल प्रत्येक तक्रारीवर एकच शिक्षा सुचवायचा, "फाशी." डेल्फिना ती कधीच लिहून घ्यायची नाही.

एके दिवशी विषय मात्र गंभीर होता. तलाव.

आम्ही सगळे इथे आलो तेव्हा टूसॉन शहर इथून पुष्कळ लांब होतं. कोणी मिनेसोटाहून आलेलं, कोणी ओहायोहून, सगळ्यांची वयं तिशीच्या आतबाहेर, सगळ्यांच्या कडेवर पोरं. चहूकडे निवडुंगांचं रान आणि मधोमध बिल्डरनं बांधून दिलेला हा पोहण्याचा तलाव. मे महिना लागला की आमचं सगळं आयुष्य त्याच्या काठावर यायचं. तापलेल्या फरशीवरून पोरं पाय उचलत नाचत जायची. आम्ही बाया उथळ बाजूला पाण्यात पाय सोडून बसायचो. कोणीतरी कलिंगड फोडायचं, कोणाचा तरी रेडिओ चालू असायचा. गिल एकदा डोक्यावरच्या गवती हॅटसकट उडी मारून आला होता, आणि हॅट तेवढी वर तरंगत राहिली तेव्हा पोरं हसून हसून बुडायच्या बेताला आली होती. संध्याकाळी घरी नेताना पोरांच्या केसांना क्लोरिनचा वास यायचा. तो वास उशांच्या अभ्र्यांतसुद्धा राहायचा. मी अभ्रे धुवायचा कंटाळा करायचे, आणि ते बरंच होतं.

मग पोरं मोठी झाली, निघून गेली. तलावाला तडा गेला, पाणी झिरपायला लागलं. शेवटी पाणी काढून टाकलं, उडी मारायची फळी उखडून भंगारात दिली आणि फाटकाला कुलूप घातलं. दुरुस्ती झेपणारी नव्हती. आमच्या वकीलबाई, मिस फेलन, स्पष्ट बोलून गेल्या होत्या. "सामाईक मालमत्ता म्हणजे कमिटीची जबाबदारी. धोका आहे हे तुम्हाला माहीत आहे. माहीत असून काही केलं नाहीत आणि उद्या कोणी त्यात पडलं, तर तुम्ही तिघं उत्तर द्यायला बांधील आहात. दुरुस्त करा, नाहीतर बुजवा."

ऑर्व्हिल बुजवण्याची निविदा वाचून दाखवत होता. खिडक्या बंद होत्या. बाहेर ऐन दुपारचं ऊन.

आणि मला तो आवाज आला. आधी एक जड 'ढप', मग फळी सुटल्यावर थरथरत राहते तसा लांबलेला, विरत जाणारा 'थर्रर्र'. मग क्षणभर काहीच नाही. मग पाण्यात कोणी पडल्याचा आवाज.

मी मान वर केली. डेल्फिनाचं पेन कागदावर थांबलं होतं. ऑर्व्हिल वाचतच राहिला, फक्त त्याचा आवाज थोडा चढला.

२

छप्पर पत्र्याचं आहे, मी स्वतःला सांगितलं. पत्रा तापला की वाजतो. पण पत्रा वाजला की पाणी कसं उसळेल? मग मी म्हटलं, पाइपात हवा असेल. माणूस स्वतःशी वाद घालायला लागला की त्याला पाइपसुद्धा पुरतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी किल्ली घेऊन गेले. अध्यक्षानं सामाईक जागेची पाहणी करायचीच असते. कुलूप उघडलं. आत सगळं असायला हवं तसंच होतं. पांढरा, भेगाळलेला तळ. खोल टोकाला वाऱ्यानं जमवलेला पालापाचोळा. एक सरडा माझ्याकडे बघून फटीत शिरला. फळी जिथे होती तिथे चार गंजलेले बोल्ट.

मात्र क्लोरिनचा वास येत होता. ताजा, नाकात झोंबणारा.

मी काठावर उभी राहिले. उन्हात दुसरं चिटपाखरू नव्हतं. तेवढ्यात माझ्या उजव्या हाताला, अगदी जवळून, आवाज आला.

"मॉम, बघ ना! तू बघतच नाहीयेस!"

ती टेस होती. माझी मुलगी. पुढचे दोन दात पडलेले असताना ती 'बघ ना' जशी म्हणायची, ओठांतून हवा सोडत, तशीच. मी वळले. पांढरा तळ, पालापाचोळा.

मी धावत घरी आले नाही. माझे गुडघे धावण्याजोगे राहिलेले नाहीत. पण घरी येऊन घागरभर पाणी प्याले आणि फोन उचलला. टेस नवऱ्याबरोबर, ब्रूसबरोबर, पोर्टलंडला असते, एका शाळेची मुख्याध्यापिका आहे.

"मॉम? मी मीटिंगमध्ये आहे. काय झालं?"

"काही नाही गं. ठीक आहेस ना?"

"ठीक म्हणजे... छतातून पाणी गळतंय, ब्रूसची पाठ धरलीय, शाळेत तीन शिक्षक कमी आहेत. तू पडलीबिडली नाहीस ना?"

"नाही."

"मग रविवारी करते ना मी फोन. मॉम? ऐकतेयस ना?"

मी ऐकत होते. एका चाळिशी ओलांडलेल्या, दमलेल्या बाईचा जाडसर आवाज. आणि देवाशपथ सांगते, एक क्षणभर माझ्या मनात आलं, ही कोण आहे? ही का माझा वेळ घेतेय? तिकडे पोरगी वाट बघतेय.

मी फोन ठेवला. आवाजानं घाबरले होते त्याहून जास्त मी त्या विचारानं घाबरले.

३

मी कोणाला काही बोलले नाही. बोलायची गरजही पडली नाही.

पुढच्या आठवड्यात तलावाच्या काठी खुर्च्या आल्या. आधी इंगा हॅल्वर्सनची, निळ्या पट्ट्यांची. मग आणखी. फाटक उघडं. आमच्या वस्तीतले म्हातारे ऐन दुपारी, कुत्रीसुद्धा सावलीबाहेर येत नाहीत अशा वेळी, रिकाम्या खड्ड्याकडे तोंड करून बसलेले. कोणी बोलत नव्हतं. इंगानं मोठी हॅट घातली होती आणि तिच्या मांडीवर एक टॉवेल होता, लहान मुलाचा, वर जहाजांची चित्रं असलेला.

"इंगा, उन्हात का बसलीयेस?" मी विचारलं.

"वारा छान येतो इथे."

पान हलत नव्हतं. तिनं मला गप्प राहायची खूण केली, चर्चमध्ये मागच्या बाकावरची माणसं करतात तशी. आणि हसली. अशी हसलेली मी तिला तिच्या नवऱ्याच्या मागे कधी बघितली नव्हती.

त्याच संध्याकाळी तिच्या मुलाचा, किपचा, फोन आला. तो शिकागोला असतो. "मिसेस प्रुएट, आई फोन उचलत नाहीये. उचलला की म्हणते, आता नको, कामात आहे. तिला कसलं काम?"

मी कुलूप बदललं. नव्या किल्ल्या तीनच, कमिटीकडे. दुसऱ्या दिवशी फाटक पुन्हा उघडं होतं. किल्ली कोणी वापरली हे शोधायला पोलीस लागणार नव्हते. डेल्फिना तलावाच्या गल्लीतून जातच नव्हती, लांबच्या वळणानं बाजाराला जायची.

ऑर्व्हिल फाटकाच्या आतच बसला होता, पाय खड्ड्यात सोडून. मी त्याच्या शेजारी बसले. बूड भाजलं.

"कोणाला ऊन लागून काही झालं तर काय सांगशील वकीलबाईंना?" मी म्हटलं.

"सांगेन की अध्यक्षबाई फाशी द्यायला आल्या होत्या."

"ऑर्व्हिल."

तो खड्ड्यात बघत राहिला. मग म्हणाला, "तुला टेस ऐकू येते?"

मी मान हलवली.

"टेस फोनवर पण येते तुझ्या. वेळेवर नाताळला येते. इंगाचा किप आहे, डेल्फिनाची दोन्ही पोरं आहेत, एकाचं तर घर इथून तासाभरावर आहे. माझा डॅनी कुठेय, नदीन?"

डॅनी छत्तिसाव्या वर्षी वारला होता, अमारिलोच्या रस्त्यावर, ट्रकखाली. तो सातवीत असताना आमच्या घरी येऊन फ्रिजमधलं दूध बाटलीला तोंड लावून प्यायचा.

"तो श्वास रोखायला शिकतोय," ऑर्व्हिल म्हणाला. "खाली जातो आणि म्हणतो, डॅड, तू मोज. मी मोजतो. रोज जरा जास्त वेळ खाली राहतो. वर आला की विचारतो, डॅड, तू कधी येतोस पाण्यात?"

"आणि तू काय म्हणतोस?"

"म्हणतो, येतो रे, जरा थांब." त्यानं डोळे चोळले. "लहानपणी पण मी हेच म्हणायचो. फरक एवढाच, की तेव्हा तो थांबायचा नाही."

मला त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. पण खालून, खोल टोकाकडून, कोणीतरी हसलं. बारीक, पोरकट, पाण्याची चूळ तोंडात धरून हसावं तसं. आम्ही दोघांनी एकाच वेळी माना वळवल्या. आणि माझ्या लक्षात आलं की मी कान टवकारून, श्वास धरून वाट बघत होते, की पुन्हा हसू दे.

४

इंगा पडली त्या दिवशी मी बाजारात होते. परत येते तो रुग्णवाहिका उभी. ती खोल टोकाच्या तळाशी सापडली होती, घोटा मोडलेला, कपाळाला खोक. सुदैव एवढंच की पाचोळ्यावर पडली होती.

तिला स्ट्रेचरवरून नेताना मी तिचा हात धरला. गेल्या कित्येक आठवड्यांत पाऊस नव्हता. हवा इतकी कोरडी की ओठ फुटत होते. तिचे पांढरे केस ओले होते. चिंब नाही, पण मुळाशी ओले, डोक्याला चिकटलेले. रुग्णवाहिकेतला माणूस म्हणाला, घाम. मीही म्हटलं, घाम. घामाला क्लोरिनचा वास येतो का, हे मी विचारलं नाही.

"पाणी काय छान आहे, नदीन," ती म्हणाली. "सुरुवातीला गार लागतं, एवढंच."

किप रात्रीच्या विमानानं निघून सकाळी पोचला. मीच त्याला रुग्णालयात नेलं. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, हातात विमानाची बॅग, रडू आवरत आलेला माणूस. तो पलंगाशी वाकला. "आई, मी आलोय."

इंगानं त्याच्याकडे नीट बघितलं. चेहऱ्यावर तिरस्कार नव्हता, नुसती परक्या माणसाशी असते तशी सभ्यता.

"हे कोण गृहस्थ?" तिनं मला विचारलं.

"इंगा, हा किप आहे."

"नाही." तिनं समजूत घालत माझा हात थोपटला. "किप तलावात आहे. अजून बाहेर यायचं नाव नाही घेत. ओठ निळे पडले तरी निघायचा नाही तो. तुला माहितीये ना."

किपनं बॅग खाली ठेवली. पुन्हा उचलली. मग खोलीबाहेर जाऊन पाणी प्यायच्या नळाला टेकून उभा राहिला. डॉक्टर म्हणाले, डोक्याला मार आहे, वय आहे, असं होतं. त्यांच्या म्हणण्यात काही खोट नव्हती. मीही तेच धरून बसले. पण गाडीत बसल्यावर किप हळूच म्हणाला, "मिसेस प्रुएट, माझे ओठ खरंच निळे पडायचे."

५

सभा सर्वांना खुली ठेवावी लागते, म्हणून क्लबहाऊस भरलं होतं. भिंतीला टेकून उभं राहायचीही जागा नव्हती. मिस फेलन पुढे उभ्या होत्या, तरुण, टवटवीत, ज्यांनी आमच्या तलावात कधी पाय बुडवला नव्हता अशा.

"कमिटीवर बसलेल्या माणसानं निर्णय घेताना संघाचं हित बघायचं, स्वतःचं नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही दुसऱ्यांच्या वतीनं विश्वस्त आहात. एक अपघात होऊन गेलाय. आता 'आम्हाला कल्पना नव्हती' असं म्हणायची सोय उरलेली नाही. आणि हो, या विषयात कोणाचा वैयक्तिक हितसंबंध असेल तर तो आधी उघड करावा आणि मतदानातून बाजूला व्हावं."

कूलरचा पट्टा घासत होता. सगळ्यांच्या नजरा जमिनीवर.

"हितसंबंध म्हणजे," ऑर्व्हिलनं विचारलं, "जमीनबिमीन, मेव्हण्याला कंत्राट, असलं?"

"कोणताही."

ऑर्व्हिल उभा राहिला. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता. "मग लिहून घ्या. माझा मुलगा त्यात आहे."

"कशात?" मिस फेलन म्हणाल्या.

"तलावात."

त्या गोंधळून माझ्याकडे बघायला लागल्या. मी डेल्फिनाकडे बघितलं. डेल्फिनानं पेन खाली ठेवलं. "माझे दोघं आहेत," ती म्हणाली. मागून कोणीतरी म्हणालं, "आमची मार्जोरी." मग आणखी कोणी, मग आणखी. हळू आवाजात, एकामागून एक नावं. शाळेत हजेरी घेतात तशी.

मिस फेलनचा चेहरा मऊ झाला. त्यांना वाटलं त्यांना समजलं. "तुमच्या आठवणी आहेत तिथे. मला कळतं. पण आठवणी म्हणजे हितसंबंध होत नाहीत. कायदा त्या धरत नाही. तुम्ही तिघंही मत देऊ शकता."

ऑर्व्हिल कोरडं हसला. "कायद्याला मुलंबाळं नसावीत."

मग त्यानं सगळ्यांकडे तोंड केलं. तो चांगला बोलायचा, पण त्या दिवशी शब्दांसाठी चाचपडत होता. "जाळी बसवू. कठडा लावू. मी स्वतः बसेन राखणीला, दिवसभर. नाहीतरी दुसरं करतो काय मी? पण माती टाकू नका. त्यांच्या अंगावर माती टाकायची म्हणता तुम्ही. कधी वरून बघितलंय का ते?" तो खाली बसला. "माझं मत, बुजवू नये."

डेल्फिनानं छातीवर क्रूसाची खूण केली. "रविवारी माझा माटेओ आला होता, बाळाला घेऊन. बाळ पहिल्यांदा उभं राहिलं, माझ्या गुडघ्याला धरून. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी बघितलंच नाही. माझे कान खिडकीकडे होते. नऊ वर्षांचा माटेओ ओरडत होता तिकडे, आणि हा माटेओ म्हणत होता, 'ममा, बघ ना.'" तिचा आवाज फाटला. "बुजवा. आजच्या आज बुजवा."

राहिले मी.

सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून मी दाराकडे बघितलं. दार बंद होतं. दाराबाहेर, कडीच्या उंचीवर, म्हणजे सात वर्षांच्या पोरीचं तोंड येतं तिथे, कोणीतरी लाकडाला ओठ लावून बोलावं तसं आलं:

"मॉम, चल ना. सगळे आलेत. डॅडपण आलाय."

गिल. गिल आलाय.

मला अजून आठवतं, माझा हात किती जड झाला होता. कायदा, जबाबदारी, मिस फेलन, काही आठवत नव्हतं. फक्त रुग्णालयाच्या त्या व्हरांड्यात बॅग घेऊन उभा असलेला टकला माणूस डोळ्यांसमोर आला. मी हात वर केला.

"बुजवावा," मी म्हटलं.

दाराबाहेर अनवाणी पावलं पळत गेल्याचा आवाज आला, ओली, फरशीवर चपचप वाजणारी. ऑर्व्हिल उठून त्यांच्यामागे गेला. दार त्यानं उघडंच टाकलं. बाहेर नुसतं ऊन होतं.

६

मातीचे ट्रक सकाळीच आले. कंत्राटदाराचा मुकादम जाड मिशांचा, घाईत असलेला गृहस्थ होता. त्यानं माझ्यापुढे एक कागद धरला.

"बाई, खाली कोणी नाही याची खात्री मालकानं करायची आणि सही करायची. मांजर असो, माणूस असो, नंतर आमच्या माथी नको."

"मालक म्हणजे कोण?"

"संघ. म्हणजे तुम्हीच की."

ऑर्व्हिल रस्त्यापलीकडे त्याच्या गाडीत बसला होता, काचा वर करून. डेल्फिनानं माझा हात घट्ट धरला होता. तो सोडवून मी उथळ बाजूच्या पायऱ्या उतरले.

तळ उताराचा होता. मी जपून चालत होते, बुटाखाली धूळ करकरत होती. मध्यावर आले तसा ट्रकच्या इंजिनांचा आवाज बदलला. दबला. कानात पाणी गेल्यावर बाहेरचं जग होतं तसं. मी कान झटकला. उंचीमुळे, मी म्हटलं. भिंती उंच झाल्यात, आवाज अडतोय.

खोल टोकाला पोचले. पाचोळा होता, इंगाच्या हॅटची एक फीत होती. मांजर नव्हतं, माणूस नव्हता. मी परत फिरणार, तेवढ्यात समोरच्या भिंतीवर उजेड हलला.

पाण्यातून ऊन खाली उतरतं तेव्हा तळावर उजेडाची जाळी थरथरते ना, तशी. कोरड्या पांढऱ्या गिलाव्यावर ती सरकत होती. माझ्या हातांवर आली. माझ्या बुटांवर आली. बूट कोरडे, धूळ भरलेले.

मी वर बघितलं.

माझ्या डोक्याच्या खूप वर एक लखलखतं छत होतं, आणि त्याखाली पावलं. लहान पावलं, कितीतरी, सायकल चालवल्यासारखी हलणारी. तळव्यांच्या सुरकुत्या फुगून पांढऱ्या पडलेल्या. एका टाचेवर चिकटपट्टी होती, सुटत आलेली, लोंबणारी. ती मी लावली होती. कोणत्या दिवशी, कशासाठी, काही आठवेना, पण ती मी लावली होती. मला हाक मारायची होती. मी हात वर केला, बोटं पसरून, त्या टाचेकडे.

काठावरून एक बाई खाली वाकली. गॉगल केसांवर ढकललेला, खांदे उन्हानं लाल. तिचा चेहरा लाटांनी तुटत होता, जुळत होता. तो जुळला तेव्हा ती थेट माझ्याकडे बघत होती.

तिचं तोंड उघडलं.

"बाहेर! सगळे बाहेर! टेस, आत्ताच्या आत्ता बाहेर ये!"

इतकी भ्यालेली बाई मी त्याआधी पाहिली नव्हती. पावलं घाबरून भराभर वर ओढली गेली. चिकटपट्टीवालं सगळ्यांत शेवटी.

"बाई? ओ बाई!" मुकादम काठावर उभा होता. त्याच्यामागे निळं, कोरडं आकाश. "आहे का कोणी?"

माझा हात अजून वर होता. तो मी खाली घेतला.

पायऱ्या चढून आले. सहीच्या वर एक वाक्य हातानं लिहायचं होतं. मी लिहिलं, खोल टोकाला कोणी नाही. अक्षर वाकडं आलं. पहिला ट्रक मागे सरकला आणि माती धबधब कोसळली. मी कान देऊन उभी होते. मातीचाच आवाज होता, दुसरा कसलाच नाही. रस्त्यापलीकडे ऑर्व्हिलची गाडी सुरू झाली आणि निघून गेली.

७

ऑर्व्हिलनं राजीनामा दिला. तो अजून समोरच्या गल्लीत राहतो, मी दिसले की हात करतो. ग्रेपफ्रूटं आता डेल्फिनाच्या हाती पाठवतो. इंगाला किपनं शिकागोला नेलं. ती त्याच्याशी गोड बोलते म्हणे, त्याला 'साहेब' म्हणते.

तलावाच्या जागी आम्ही खडी टाकली, दोन बाकं ठेवली. दुपारी तिथे कोणी बसत नाही. खूप शांत आहे. इतकं शांत की कधी कधी मी खिडकी उघडते आणि मग स्वतःचाच राग येऊन बंद करते.

थंडी सुरू झाल्यावर टेस आली. मीच बोलावलं होतं. तिचा विमानतळावरचा दमलेला, जाडसर आवाज ऐकून मला रडू आलं, आणि ती घाबरली, डॉक्टरांनी काही सांगितलंय का म्हणून. संध्याकाळी आम्ही स्वयंपाकघरात कॉफी घेत बसलो. ती खिडकीतून खडीकडे बघत होती.

"बरं झालं बुजवलात," ती म्हणाली. "मला भीतीच वाटायची त्याची."

"तुला? तू तर मासोळी होतीस."

"आधी होते. मग तू एकदा सगळ्यांना ओरडून बाहेर काढलंस ना. त्यानंतर खोल बाजूला कधी जाऊच दिलं नाहीस."

"मला नाही आठवत."

"नाही कसं आठवत? रात्री तू डॅडला सांगत होतीस. मी दाराआड उभी होते."

"काय सांगत होते?"

टेस कप गोल फिरवत राहिली. "तळाशी कोणी म्हातारी बाई उभी होती म्हणालीस. कपडेबिपडे घालून. हात वर करून. डॅड हसला. तू नाही हसलीस. तू म्हणालीस, गिल, ती पोरांकडे ज्या नजरेनं बघत होती ना..."

एवढं बोलून तिनं माझ्याकडे बघितलं, आणि तिचं वाक्य तिथेच राहिलं. ती बघतच राहिली. माझ्या केसांकडे, माझ्या तोंडाकडे, टेबलावरच्या माझ्या हातांकडे. मग ती झटकन उठली, बेसिनशी गेली आणि नळ सोडून स्वच्छ असलेला कप धुवायला लागली.

"कसल्या नजरेनं, टेस?" मी विचारलं.

पाण्याच्या आवाजात तिला ऐकू गेलं नसावं. ती पाठमोरी तशीच उभी होती, आणि नळ बराच वेळ चालू होता.